सहा पॉइंट चार

६.४ आणि ६.५ यांत असा काय मोठा फरक, असं विचारणारा माणूस कधी बँकेच्या मुदत ठेवींच्या काउंटरवर बसलेला नसतो. आमच्याकडे या एका दशांशासाठी पेन्शनर मंडळी रिक्षा करून समोरच्या बँकेत चौकशीला जातात आणि तिथला दर आमच्याएवढाच निघाला की रिक्षाच्या भाड्याबद्दल परत येऊन आमच्याकडेच बघतात. बी. कॉम.ची तीन वर्षं आणि बँकेतली वीस वर्षं मी या टिंबाच्या डावी-उजवीकडे काढली आहेत. टिंब एक घर सरकलं तर काय होतं, हे मला कुणी शिकवायला नको.

पण गाण्यालाही दशांश चिन्ह असतं, हे ज्ञान मला पुतण्याने दिलं. त्याच्या मोबाइलवर डाफ्ट पंक या दोन फ्रेंच माणसांचा 'डिस्कव्हरी' नावाचा अल्बम चालू होता. हे दोघे डोक्यावर यंत्रमानवाची शिरस्त्राणं घालून नाचाचं संगीत करायचे. मला ते बरं वाटलं. पाय हलायला लागला. तेवढ्यात पुतण्या म्हणाला, "काका, तुला माहितेय, याला पहिल्यांदा सहा पॉइंट चार मिळाले होते."

मी पाय थांबवला. इतकी वर्षं नोकरी झाली की आकडा कानावर पडल्यावर पाय आपोआप थांबतो.

"कुणी दिले?"

"पिचफोर्कने."

पिचफोर्क म्हणजे गवताच्या पेंढ्या उचलायचा काटा, आपल्या दाताळ्याचा लांबचा भाऊ. या नावाचं संगीत-समीक्षेचं पत्र १९९० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकेत मिनिआपोलिसकडे रायन श्रायबर नावाच्या नुकत्याच शाळेतून सुटलेल्या पोराने सुरू केलं. छापील नाही, संगणकावरचं. तिथे दर अल्बमला ०.० पासून १०.० पर्यंत गुण मिळतात. मी लगेच मोजून पाहिलं, एकूण १०१ पायऱ्या. पर्वतीच्या पायऱ्यांपेक्षा दोनच कमी. मात्र पर्वती चढणाऱ्याला आपण साठाव्या पायरीवर आहोत की एकसष्टाव्या, हे सांगता येत नाही. त्याला फक्त दम लागलेला असतो. इथे मात्र माणूस गाणी ऐकतो आणि 'हे ७.८ आहे, ७.९ होता होता राहिलं' असं छातीठोकपणे सांगतो. हा दशांश कुठून आला? बासरीवाला एकदा जरा बेसूर झाला म्हणून ०.१ वजा? याला व्हाउचर कुठे आहे?

बरं, दिले तर दिले. पण २०२१ साली याच पत्राने आपल्या काही जुन्या गुणपत्रिका पुन्हा तपासायला घेतल्या आणि २००१ साली ६.४ दिलेल्या 'डिस्कव्हरी'ला १० पैकी १० देऊन टाकले. अल्बम तोच, गाणी तीच, एक सूर इकडचा तिकडे झालेला नाही. वीस वर्षांत ६.४ चे १० झाले. सवयीने मी हिशेब मांडला. दरसाल साधारण सव्वादोन टक्के, चक्रवाढीने. म्हणजे ते ६.४ गुण बचत खात्यात पडून राहिले असते तरी जवळपास एवढेच झाले असते, आणि कुणाला अल्बम पुन्हा ऐकण्याचेही कष्ट पडले नसते.

दुसरी नोंद याहून चमत्कारिक. लिझ फेअर या गायिकेच्या २००३ सालच्या अल्बमला याच पत्राने ०.० दिले होते. फेरतपासणीत त्याचे ६.० झाले. आता शून्य मुद्दलावर अठरा वर्षांत सहा जमा होतात, हे बी. कॉम.च्या कुठल्याही पुस्तकात मी वाचलेलं नाही. आमच्याकडे अशी नोंद सापडली तर व्हिजिलन्सची माणसं येतात. इथे मात्र त्याआधीच, २०१९ साली, ते शून्य देणाऱ्या मॅट लेमे या समीक्षकाने त्या बाईंची जाहीर माफी मागितली होती. शून्य देताना तो जेमतेम कॉलेजच्या वयाचा होता. त्या वयात आमच्या हातात कुणी वर्गाच्या सहलीची वर्गणीसुद्धा दिली नव्हती.

एका अल्बमच्या परीक्षणात तर त्यांनी एकही शब्द लिहिला नाही. २००६ साली जेट नावाच्या ऑस्ट्रेलियन बँडच्या 'शाइन ऑन'ला ०.० देऊन खाली नुसती एका चिंपांझीची चित्रफीत चिकटवली. तो चिंपांझी काय करत होता हे कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या पुस्तकात लिहिता येणार नाही. मोरारजीभाई त्याला स्वमूत्रोपचार म्हणाले असते, एवढंच सांगतो.

यावर मी हसलो, पुतण्या हसला. पण आकडा कागदावर गंमतीचा दिसला तरी तो कुणाच्या तरी पोटावर जाऊन बसतो. २००४ च्या सप्टेंबरात या पत्राने आर्केड फायर नावाच्या त्या वेळी फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या बँडच्या 'फ्यूनरल' या अल्बमला ९.७ दिले, आणि छोट्या कंपनीने काढलेली ती तबकडी पुरवता पुरवता कंपनीची तारांबळ उडाली. त्याच महिन्यात ट्रॅव्हिस मॉरिसन या गायकाच्या 'ट्रॅव्हिस्टन'ला ०.० मिळाले. आदल्या दिवसापर्यंत लोक त्याला 'आपला माणूस' म्हणून डोक्यावर घेत होते. गुण जाहीर झाले आणि मैफलीत बसलेल्यांचे चेहरे एका रात्रीत बदलले, असं त्याने पुढे सांगितलं. लोकांच्या कानांत रातोरात काही बिघाड झाला नव्हता. फक्त प्रत्येकाला आकडा कळला होता. माझा पाय थांबला, तसे त्या सगळ्यांचे पाय थांबले.

आता तुम्ही म्हणाल, समीक्षक चुकतात हे काय नवीन? चुकतात, आणि मोठ्या थाटात चुकतात. बीटल्सचा 'सार्जंट पेपर' १९६७ साली आला तेव्हा सारं जग माना डोलावत होतं, आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये रिचर्ड गोल्डस्टाइन या विशीतल्या पोराने लिहिलं, की एक शेवटचं गाणं सोडलं तर हा सगळा चमत्कृतींचा बाजार आहे. फार लाड झालेल्या मुलासारखा हा अल्बम बिघडलाय, असा एकूण सूर. वाचकांची पत्रं येऊन पडली. आपल्या स्टिरिओचा एक स्पीकर तेव्हा बिघडलेला होता, असं त्याने नंतर सांगितलं. ही सबब मला फार आवडली. आमच्याकडे 'सर्व्हर डाउन होता' म्हणतात. दोनच वर्षांनी त्याच वर्तमानपत्रात निक कोहनने बीटल्सच्याच 'ॲबी रोड'ची दुसरी बाजू उचलून धरली आणि बाकीची तबकडी मोडीत काढली. त्याच १९६९ साली 'रोलिंग स्टोन' पाक्षिकात जॉन मेंडेलसोनने लेड झेपेलिनच्या पहिल्या अल्बमबद्दल लिहिलं, की यात नवीन काही नाही, जेफ बेकच्या चमूने हेच तीन महिन्यांपूर्वी करून दाखवलंय. १९९१ साली निर्वाणाच्या 'नेव्हरमाइंड'ला 'रोलिंग स्टोन'ने पाचपैकी तीन तारे दिले. निर्वाणा म्हणजे निर्वाणच, पण अमेरिकेत ते गिटार आपटून मिळतं. पुढे २००३ साली सर्वश्रेष्ठ पाचशे अल्बमांची यादी करताना याच 'रोलिंग स्टोन'ने 'नेव्हरमाइंड' सतराव्या जागी बसवला आणि झेपेलिनचा पहिला अल्बम एकोणतिसाव्या.

अशा चुकांची यादी करून समीक्षकांना हसण्याचा प्रघात आहे. मी त्या हसण्यात सामील व्हायला तयार नाही. उलट माझ्या मते हीच परीक्षणं कामाची. मेंडेलसोनचंच बघा. झेपेलिनबद्दल त्याचं मत मला पटत नाही. पण त्याने जाता जाता जेफ बेकचा पत्ता दिला, तो मी पुतण्याकडून मागवून ऐकला आणि एक चांगला अल्बम पदरात पडला. गोल्डस्टाइनचं म्हणणं होतं, की करामती फार झाल्या आणि गाणी मागे राहिली. हे 'सार्जंट पेपर'ला कितपत लागू पडतं यावर वाद घाला. पण हल्लीच्या निम्म्या हिंदी चित्रपटगीतांना ते बिनतक्रार लागू पडतं. आणि गंमत अशी, की 'रोलिंग स्टोन'च्या २००३ च्या यादीत पहिल्या क्रमांकावर असलेला 'सार्जंट पेपर' त्यांच्याच २०२० च्या यादीत चोविसावा झाला. गोल्डस्टाइनचा बिघडलेला स्पीकर त्रेपन्न वर्षांनी थोडा का होईना, वाजला.

बँकेत खातं उघडताना नमुना सही घेतात. ती सुंदर असावी अशी अट नाही. काही लोकांची सही म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून गेल्यासारखी असते; आमची हरकत नसते. फक्त दर वेळी तीच कोंबडी गेली पाहिजे. समीक्षकाचंही असंच असावं. तो बरोबर असण्याची मला फारशी गरज नाही, तो ओळखू यायला हवा. आमच्या शाखेतले हेड कॅशियर ज्या खानावळीला "फार तिखट हो" म्हणतात तिथे आम्ही सगळे हमखास जातो, आणि ज्या सिनेमाला "संस्कारक्षम" म्हणतात त्याची तिकिटं फुकट मिळाली तरी घेत नाही. गेली बारा वर्षं त्यांच्या शब्दावर आमचं चाललंय आणि एकदाही फसवणूक झालेली नाही. असा समीक्षक मिळायला भाग्य लागतं.

अमेरिकेत रॉबर्ट क्रिस्टगाउ नावाचे असे एक गृहस्थ निघाले. १९६९ साली त्यांनी न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॉइस'मध्ये सदर सुरू केलं, नाव 'कन्झ्युमर गाइड', म्हणजे ग्राहक मार्गदर्शिका. प्रेशर कुकर निवडून द्यावा तशा तबकड्या निवडून द्यायच्या. एकेका अल्बमवर मूठभर ओळी, आणि ए प्लसपासून ई मायनसपर्यंत श्रेणी. रॉक, सोल, डिस्को, रॅप, आफ्रिकेतलं नाचाचं संगीत, जे टपालाने येईल ते ऐकायचं. मात्र हेवी मेटल वगैरे दोन-चार प्रकार आपल्याला मुळातच रुचत नाहीत, तिथे आपलं मत जपून घ्या, हे त्यांनीच सांगून ठेवलेलं. सत्तरच्या दशकातल्या परीक्षणांचं पुस्तक १९८१ साली काढताना त्यांनी तबकड्या पुन्हा ऐकल्या आणि श्रेणीही बदलल्या. पण ती खाडाखोड त्यांची स्वतःची, आणि खाली सहीही स्वतःची. संपादक मंडळाने वीस वर्षांनी दुसऱ्याच्या नोंदीवर व्हाइटनर फिरवला, त्यातला हा प्रकार नव्हता.

आपल्याकडेही ही परंपरा होती. १९३० च्या दशकात केशवराव भोळे 'एकलव्य' या नावाने गायक-गायिकांवर लिहीत. स्वतः संगीतकार, 'प्रभात'च्या 'संत तुकाराम' आणि 'कुंकू'चं संगीत त्यांचं. टोपणनाव घेतलं म्हणून सही बदलत नाही; 'एकलव्य' म्हणजे कुठल्या कानाचा माणूस हे वाचणाऱ्याला ठाऊक होतं. त्यांनी कुठल्या गवयाच्या यमनला ८.३ दिल्याचं माझ्या वाचनात नाही. दिले असते तर खाँसाहेबांनी तंबोऱ्याचा उपयोग वेगळ्या कामासाठी केला असता.

आणि निरनिराळ्या जातींच्या गाण्यांना एकच फूटपट्टी लावायची की नाही, हे भांडण तर सगळीकडचं. २००४ साली केलेफा सॅने या समीक्षकाने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये रॉकवाल्या समीक्षकांची चांगली कानउघाडणी केली. घाम गाळत, गिटार बडवत, स्वतः लिहिलेलं गाणारा तो तेवढा अस्सल, आणि झगमगीत कपडे घालून दुसऱ्याने लिहिलेलं गाणारी ती नकली, ही कसली मोजणी, असा त्याचा सवाल. वाचून मला आमच्या आळीतले एक आजोबा आठवले. ते ख्यालाला 'गाणं' म्हणत, नाट्यगीताला 'पद', आणि बाकी सगळ्याला 'रेडिओ'. अशा आजोबांना उत्तर द्यायला माणूसही तसा लागतो. कुमार गंधर्वांनी लता मंगेशकरांवर लेख लिहून सांगितलं, की तीन तासांच्या रंगलेल्या मैफलीचा रस त्यांच्या तीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिकेत मिळू शकतो. हेच वाक्य आमच्या हेड कॅशियरनी उच्चारलं असतं तर आजोबांनी त्यांना जिन्यावरून खाली पाठवलं असतं. कुमारांनी म्हटल्यावर आजोबा दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी "कुमारांचं बिनसलंय" म्हणाले, पण लताबाईंचं गाणं लागलं की खिडकी उघडी ठेवू लागले.

आता ही सहीच पुसली जातेय, आणि माझी खरी तक्रार इथे आहे. २००१ साली 'मेटाक्रिटिक' नावाचं एक खातं निघालं. ते सगळ्या समीक्षकांचे गुण गोळा करून शंभरपैकी एक आकडा काढतं. सिबिल स्कोअर जसा तीनशे ते नऊशेमध्ये माणसाची पत सांगतो, तसा हा अल्बमचा सिबिल. कुणी तारे दिले, कुणी ए-बी-सी दिलं, कुणी काहीच न देता नुसतं लिहिलं. मेटाक्रिटिकचा कारकून त्या सगळ्याचे आकडे करतो आणि भारित सरासरी काढतो. कुणाला किती भार, ते सांगत नाहीत. भारित सरासरी मला बी. कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. दहा जणांनी सत्तर-सत्तर दिले तरी सरासरी सत्तर; पाच जणांनी शंभर आणि पाच जणांनी चाळीस दिले तरी सत्तरच. पहिला अल्बम लग्नाच्या पंगतीतल्या वरणासारखा, कुणाची तक्रार नाही आणि कुणी दुसऱ्यांदा वाढून घेत नाही. दुसऱ्यावरून घरात दोन तट पडतात. मला ऐकायचाय तो दुसरा. आणि नेमका तोच या आकड्यात दिसत नाही.

२०२४ च्या एप्रिलमध्ये टेलर स्विफ्टचा 'द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट' आला. 'रोलिंग स्टोन'ने तोवर तारे सोडून शेरे द्यायला सुरुवात केली होती. त्यांनी आपला सगळ्यात वरचा शेरा दिला, तो मेटाक्रिटिकने १०० धरला. 'पेस्ट' नावाच्या मासिकाने १० पैकी ३.६ दिले. दोघांची सरासरी काढा, ६८ येते. आता मला सांगा, हे ६८ कुणाचं मत आहे? एक माणूस म्हणतो अमृत, दुसरा म्हणतो काढा, आणि आपण वहीत लिहायचं 'कोमट सरबत'.

पण त्या ३.६ ची खरी गोष्ट वेगळीच आहे. त्या परीक्षणाखाली लिहिणाऱ्याचं नावच छापलेलं नव्हतं. २०१९ साली याच गायिकेच्या 'लव्हर' या अल्बमवर लिहिणाऱ्याला मत न पटलेल्या वाचकांनी मारहाणीच्या धमक्या दिल्या होत्या, म्हणून या वेळी नाव देत नाही, असं मासिकाने जाहीर केलं. गाण्याबद्दल! गोल्डस्टाइनला पत्रं आली, पण त्याला आपलं नाव लपवावं लागलं नाही. पुतण्याला मी विचारलं, "अरे, हे योग्य आहे का?" तो म्हणाला, "काका, तू तिच्याबद्दल कुठे काही लिहू नकोस हं." मी लिहिणार नाही. माझं नाव, शाखा आणि जेवणाची सुट्टी दारावरच्या पाटीवर लिहिलेली असते.

अशा हवेत समीक्षकाने काय करावं? तो सगळ्यांना चार तारे देतो. आमच्याकडे काम झालं की ग्राहकाच्या मोबाइलवर निरोप जातो, 'कृपया आमच्या सेवेला गुण द्या', आणि काउंटरवरून आम्हीच हळूच सांगतो, "पाच द्या हं, चारला साहेब विचारतात." गाण्यांचं हळूहळू तेच होत चाललंय. आणि ज्याने एकेकाळी चिंपांझी सोडला होता, त्या पिचफोर्कला त्याच्या मालकांनी, कॉन्डे नास्ट कंपनीने, २०२४ च्या जानेवारीत 'जीक्यू' या पुरुषांच्या कपड्यालत्त्याच्या मासिकात विलीन केलं आणि बऱ्याच जणांना घरी पाठवलं. विलीनीकरण म्हणजे काय ते बँकवाल्यांना विचारा. पाटी बदलते, आयएफएससी कोड बदलतो, दोन महिन्यांनी कॅन्टीनवाला जातो, आणि खातेदाराला पत्र येतं की आपल्या सेवेत काहीही बदल झालेला नाही.

त्या ६.४ वर मी इतका चिडलो होतो खरा. तरी त्यात कुणीतरी एक माणूस बसला होता, ज्याला डाफ्ट पंक आवडले नव्हते. त्याच्याशी मला भांडता आलं असतं. ६८ शी कसं भांडणार?

भांडणाचा नमुना पाहायचा तर क्रिस्टगाउसाहेबांकडेच परत जायला हवं. लू रीड नावाच्या न्यूयॉर्कच्या गायकाचा त्यांच्यावर राग होता. १९७८ साली त्याचा मैफलीत ध्वनिमुद्रित केलेला 'टेक नो प्रिझनर्स' हा अल्बम निघाला. त्यात तो गाणं बाजूला ठेवून क्रिस्टगाउंना नाव घेऊन चारचौघांत सांगता येणार नाहीत अशा शिव्या घालतो, आणि तबकडीवर त्या तशाच छापून आल्या. मग रिवाजाप्रमाणे तबकडी परीक्षणासाठी क्रिस्टगाउंकडेच आली. त्यांनी ती ऐकली, लू रीडने आपल्या नावाचा उच्चार बिनचूक केल्याबद्दल त्याचे आभार मानले, आणि श्रेणी दिली सी प्लस. यातला सी गाण्यांचा असणार. प्लस बहुतेक उच्चाराचा.